मराठी अक्षर कोणाच्या मालकीचे?

भाषा ही कोणा एकाच्या मालकीची नसते, असे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेही आहे. परंतु भाषा लिहावयाची, छापावयाची आणि दूरवर पोचवावयाची म्हटली की साधन लागते, आणि साधनाला मालक असतो. बोरू आणि शाई कोणालाही घरी करता येत असे. छापखाना मात्र ज्याच्यापाशी पैसा, कसब आणि सत्तेची अनुज्ञा असेल त्यालाच काढता येई. आजच्या संगणकाच्या युगात तर आपण ज्या साधनावर लिहितो त्याचा मालक कोठे राहतो आणि उद्या त्याच्या मनात काय येईल, याची आपणांस कल्पनाही नसते. गेल्या चारशे वर्षांत मराठी अक्षर अशा मालकांच्या अंगणात वरचेवर अडकले आणि वरचेवर बाहेर पडले. ते कसे अडकले आणि कोणत्या वाटेने सुटले, याची हकीकत आजच्या भाषणात सांगावयाची आहे.

हा विषय मंचेरियलसारख्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाला विशेष जवळचा वाटतो. मंचेरियल हे गोदावरीच्या उत्तर तीरावरचे, काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गावरचे गाव. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तेलंगणात नवे जिल्हे झाले, तेव्हा ते स्वतःच एका जिल्ह्याचे ठिकाण बनले. प्राणहिता ओलांडली की पलीकडे गडचिरोली. निजामाच्या अमदानीत राजुरा आणि किनवट हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तिकडे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारी पुष्कळ घरे इकडे राहिली. या घरांतील मुले शाळेत तेलुगू लिहितात, बाजारात हिंदी-उर्दू बोलतात आणि आजीला मराठीत निरोप धाडतात. अशा सीमेवर राहणाऱ्याला साधनाची अडचण इतरांहून आधी जाणवते. कारण त्याची भाषा आणि त्याच्या गावचे साधन यांची गाठ आपोआप पडत नाही.

प्रथम गोमंतकाकडे वळू. हिंदुस्थानात छपाईचे पहिले यंत्र १५५६ मध्ये गोव्यास उतरले. ते वस्तुतः निघाले होते अबिसीनियाला. वाटेत गोव्यास थांबले आणि तेथेच राहिले. पुढे १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक गोव्यास आले. त्यांनी मराठीचा मनापासून अभ्यास केला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला. परंतु ओव्या मराठी असल्या, तरी त्या छापल्या रोमन लिपीत. कारण नागरीचे खिळेच तेथे नव्हते. स्टीफन्स यांना ही उणीव फार जाचत होती. १६०८ मध्ये त्यांनी रोममधील आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून देशी लिपीचे खिळे पाडण्याची अनुज्ञा मागितली होती. अडचणही त्यांनी स्पष्ट मांडली होती. युरोपीय लिपीला चोवीस अक्षरे पुरतात. इकडची लिपी अक्षरागणिक बांधलेली असल्यामुळे साचे सहाशेच्या घरात जातात, पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असा त्यांचा अदमास होता. ते खिळे पडले नाहीत. १६१९ मध्ये स्टीफन्स निवर्तले.

त्यानंतर ‘क्रिस्तपुराण’ १६४९ आणि १६५४ अशा दोन वेळा आणखी छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून सर्वांनी पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. छापखाना चर्चचा आणि राजसत्तेचा. त्या दोघांचे मन देशी भाषेवरून उडाले, तेव्हा त्या भाषेतील छपाईही थांबली. आज त्या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? तो वाचला तो हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे. कानडा प्रांतात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या पोथ्या जपल्या, उपासाच्या दिवसांत त्यांचे वाचन चालू ठेवले, आणि अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी नवी आवृत्ती काढली. नागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडले. नागरीत हा ग्रंथ छापलेला पाहावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली आवृत्ती पुण्यास प्रसिद्ध झाली. म्हणजे पहिल्या छपाईनंतर तीनशे चाळीस वर्षांनी!

यातून निघणारा बोध छपाईच्या विरुद्ध नाही. यंत्र एकाचे होते आणि नक्कल करण्याची मुभा सर्वांना होती. यंत्र थांबले, नकला टिकल्या. एवढी गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

दुसरा प्रसंग मुंबईचा. अमेरिकन मिशनच्या लोकांनी तेथे छापखाना काढला आणि १८१७ पासून त्यातून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या. आरंभीचे खिळे बंगालहून आणावे लागले. पुढे थॉमस ग्रॅहॅम या कारागिराने तेथे सुबक नागरी खिळे तयार केले. मराठी छपाईची विद्या या काळात प्रायः मिशनच्या आवारात नांदत होती. परंतु ती आवारात राहिली नाही, आणि याचे श्रेय जसे शिकणाऱ्यांना तसे ती दडवून न ठेवणाऱ्या शिकविणाऱ्यांनाही द्यावयास हवे. गणपत कृष्णाजी हे याच छापखान्यात काम करीत असताना शिळाछापाची कला शिकले. त्यांनी स्वतःचे यंत्र उभे केले, शाई स्वतः केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. पंचांग यंत्रावर छापले म्हणून नाक मुरडणारे लोक होते. तथापि थोड्याच वर्षांत छापील पंचांग घरोघर गेले. पुढच्या पिढीतील जावजी दादाजी लहानपणीच मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले होते. त्यांनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा आपला कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्या हातांनी कोरलेले निर्णयसागरचे खिळे पुढे देशभर प्रमाण मानले गेले.

एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढील विवेचनाची ती किल्ली आहे. गणपत कृष्णाजींचा खिळा निराळा, निर्णयसागरचा निराळा, मिशनचा निराळा. परंतु छापलेला कागद एकदा वाचकाच्या हाती पडला की खिळा कोणाचा होता याच्याशी वाचकाला कर्तव्य नसे. खिळे मुद्रकाने विकत घ्यावयाचे. वाचकाला फक्त डोळे लागत.

आता तिसरा प्रसंग, आणि तो आपणांपैकी अनेकांच्या आठवणीतला आहे. संगणकाचा जन्म रोमन अक्षरांच्या घरी झाला. त्याच्यावर भारतीय लिपी कशा चढवाव्यात, या प्रश्नाला कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये १९८० नंतरच्या दशकात हात घातला गेला. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे जी पद्धत सिद्ध केली, ती पुढे पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेत वाढली. १९८६ मध्ये ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक ठरला आणि ‘इस्की’ हे अक्षरांचे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाले. हे प्रमाण सर्वांना खुले होते. तरीही बाजारात जे चालले ते निराळेच. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा अनेक अक्षरसंचांनी आपापली मांडणी केली, आणि प्रत्येकाची मांडणी दुसऱ्याहून वेगळी होती.

हे कसे होते ते सोप्या शब्दांत सांगतो. या अक्षरसंचांत संगणकाच्या स्मरणात ‘क’ हे अक्षर साठवलेच जात नसे. साठवले जाई रोमन लिपीतील एखादे चिन्ह, आणि त्या चिन्हाच्या जागी पडद्यावर ‘क’चे चित्र दाखविले जाई. कोणत्या रोमन चिन्हामागे कोणते मराठी चित्र, हे ज्या त्या कंपनीने आपल्या सोयीने ठरविलेले. परिणाम असा, की एका संचात लिहिलेला मजकूर तो संच नसलेल्या यंत्रावर उघडला, तर रोमन अक्षरे, टिंबे आणि कंस यांची निरर्थक रांगोळी समोर येई. चंद्रपुरात टंकलिखित केलेला अर्ज मंचेरियलच्या दुकानातील संगणकावर वाचता येईल याची शाश्वती नसे. काही संचांबरोबर संगणकाला जोडावयाचे ‘डोंगल’ नावाचे कुलूप मिळे. ते हरवले की स्वतःचाच मजकूर स्वतःला परका होई. जावजी दादाजींच्या काळी खिळे मुद्रकाने घेतले की पुरे असे; आता वाचकालाही तेच खिळे विकत घेणे भाग पडले. मराठी अक्षराच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते.

याबद्दल त्या कंपन्यांना केवळ दोष देऊन भागणार नाही. परदेशी कंपन्यांना मराठीची मुळीच फिकीर नव्हती, त्या काळात मराठी वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके आणि लग्नपत्रिका याच अक्षरसंचांवर निघाल्या. त्यांतील कित्येकांची अक्षरे देखणी होती आणि ती घडविण्यामागे कलावंतांचे कष्ट होते. चूक अक्षराच्या सौंदर्यात नव्हती. अक्षर आणि त्याचे चित्र यांची जी फारकत करावयास हवी होती, ती झाली नव्हती, आणि म्हणून मजकूर चित्राच्या मालकापाशी गहाण पडला होता.

ही फारकत ‘युनिकोड’ने केली. जगातील सर्व लिपींना एकाच कोष्टकात जागा देणारे हे प्रमाण १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्यातील भारतीय लिपींची मांडणी आपल्या ‘इस्की’वरूनच घेतली गेली. देवनागरीसाठी १२८ घरे राखून ठेवलेली आहेत. स्टीफन्स यांना भेडसावणारे सहाशे साचे इतक्या घरांत कसे मावले? उत्तर असे, की या घरांत ध्वनींची मूळ चिन्हे तेवढी ठेवली. जोडाक्षराचे रूप घडविण्याचे काम अक्षरसंचाकडे सोपविले. ‘क्ष’ साठवावयाचा म्हणजे क, हलन्त आणि ष ही तीन चिन्हे क्रमाने साठवावयाची. चित्र कसे काढावे हे ज्याने त्याने आपल्या कलेप्रमाणे ठरवावे. म्हणजे खिळे पुन्हा निरनिराळे झाले आणि मजकूर पुन्हा सर्वांचा झाला.

सुरुवात काही निर्दोष नव्हती. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद मराठीत अर्थाचा आहे, हिंदीत तो नाही. हा मराठी रकार नीट उमटावा म्हणून बराच खटाटोप करावा लागला. ‘ॲ’ या मराठीला हव्या असलेल्या अक्षराला स्वतंत्र घर २००८ मध्ये मिळाले. तोवर अ या अक्षरावर चंद्र ठेवून वेळ भागवावी लागे. रुपयाचे नवे चिन्ह २०१० मध्ये कोष्टकात आले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की अशा उणिवा दाखविण्याचा आणि सुधारणा सुचविण्याचा मार्ग कोणालाही मोकळा आहे आणि त्यावरील निर्णयाची कागदपत्रे सर्वांना पाहता येतात. कंपनीच्या अक्षरसंचातील दोष कंपनीच्या इच्छेनेच दूर होत असे.

प्रमाण ठरले तरी खिळे कोणीतरी पाडावेच लागतात. कवी आणि अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेले ‘मंगल’ हे अक्षर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या प्रणालीबरोबर घरोघर पोचले. पुढे ‘लोहित’ हा अक्षरसंच खुल्या परवान्याखाली आला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे संच कोणालाही विनामूल्य वापरता, बदलता आणि वाटता येतील अशा परवान्याने दिले. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण ठरविले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. ते कोणत्याही साध्या भ्रमणध्वनीवर वाचता येतात, याचे कारण हेच खुले अक्षर होय.

सीमेवरच्या आम्हां लोकांना या मांडणीतील एक गोष्ट फार मोलाची वाटते. भारतीय लिपींची वर्णमाला मुळात एकच असल्यामुळे देवनागरी ‘क’ आणि तेलुगू ‘क’ हे आपापल्या कोष्टकात एकाच क्रमाच्या घरात बसविलेले आहेत. ख, ग, घ यांचेही तसेच. इन्स्क्रिप्ट कळफलकावर दोन्ही लिपींचा ‘क’ त्याच कळीवर येतो. शाळेत तेलुगू टंकलेखन शिकलेल्या मुलाला मराठीसाठी बोटे नव्याने वळवावी लागत नाहीत. हैदराबादेत २००५ पासून ‘स्वेच्छा’ ही संस्था मुक्त संगणकप्रणाली तेलुगूत आणण्याचे काम करीत आहे. केरळात तर सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर उभे केले आहे. एका कंपनीचा परवाना संपला म्हणून तेथे वर्ग बंद पडत नाही. महाराष्ट्रातील आणि आमच्याकडील शिक्षकांनीही या प्रयोगांकडे बारकाईने पाहावे, असे सुचवावेसे वाटते.

मग आता सर्व कुशल आहे काय? अक्षर सुटले, परंतु ज्या फळ्यावर आपण ते लिहितो तो फळा पुन्हा एकेका कंपनीचा झाला आहे. ‘ऑर्कुट’वर मराठी मंडळींच्या गप्पा, कविता आणि वाद रंगत असत, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ‘गूगल प्लस’ २०१९ मध्ये मिटले. ‘याहू ग्रूप्स’ २०२० च्या अखेरीस संपले. या प्रत्येक वेळी मालकाने मुदतीची सूचना दिली. ज्यांनी ती वाचली नाही, त्यांचे लिखाण गेले. क्रिस्तपुराणाच्या छापील प्रतींहून ही गोष्ट फार वेगळी नाही.

या प्रश्नाला आमच्याच भागाच्या इतिहासात एक बोलके उदाहरण आहे. निजामाचे टपाल खाते स्वतंत्र होते आणि त्याची तिकिटे संस्थानाच्या हद्दीपर्यंतच चालत. पत्र पलीकडे चांद्यास धाडावयाचे तर तिकीट निराळे. १९५० मध्ये ते खाते भारतीय टपालात विलीन झाले आणि हा अडसर गेला. देशादेशांतील असाच अडसर १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या टपालकराराने काढला होता. आजच्या ई-पत्राची रीत या कराराच्या धर्तीची आहे: पाठविणाऱ्याचे खाते एका कंपनीकडे आणि घेणाऱ्याचे दुसरीकडे असले तरी पत्र पोचते. परंतु निरोपांची जी साधने आज घरोघर आहेत, ती निजामी तिकिटासारखी आहेत. एकाचा निरोप दुसऱ्यावर जात नाही. युरोपीय संघाने कायदा करून मार्च २०२४ पासून मोठ्या निरोपसेवांवर हा दरवाजा उघडण्याचे बंधन घातले आहे. २०१६ मध्ये निघालेल्या ‘मॅस्टोडॉन’सारख्या व्यवस्थेत अनेक छोटी केंद्रे स्वतंत्रपणे चालतात आणि २०१८ मध्ये मान्य झालेल्या खुल्या प्रमाणाने एकमेकांशी बोलतात. २०२२ च्या अखेरीस ट्विटरची मालकी बदलली, तेव्हा पुष्कळ लोक तिकडे गेले.

तथापि खुले म्हणजे फुकट आणि निर्वेध, असा समज कोणी करून घेऊ नये. छोट्या केंद्रालाही वीज लागते, पैसा लागतो आणि रात्री जागणारा माणूस लागतो. तो थकला तर केंद्र बंद पडते. आपली माणसे जेथे आहेत तेथेच आपण असणार, हाही मनुष्यस्वभाव आहे. गावातला सारा परिवार एका निरोपसेवेवर असताना एकट्याने ती सोडणे म्हणजे घरच्यांपासून तुटणे होय. पुस्तकांच्या धंद्यातही हेच दिसते. पाने जुळविण्याच्या ‘पेजमेकर’ या साधनाची नवी आवृत्ती २००४ नंतर निघाली नाही आणि युनिकोड देवनागरी त्यात नीट बसत नाही. तरीही अनेक छापखान्यांत आजही तेच चालते, कारण हात त्याला सरावले आहेत आणि जुना मजकूर त्यातच आहे. जुनी वाट सोडण्याचा खर्च असतो, आणि तो लहान मुद्रकाला जड जातो. त्याची थट्टा करण्याऐवजी त्याला मदत केली पाहिजे.

म्हणून सर्वांनी सर्व सोडावे, असा उपदेश मी करणार नाही. वापर कशाचाही करा. परंतु जे जपावयाचे आहे त्याची एक नक्कल मालकाच्या अंगणाबाहेर ठेवा. शाळेचे वार्षिक, ग्रामपंचायतीचा ठराव, आजोबांच्या आठवणी, चर्चच्या किंवा देवळाच्या शताब्दीचा अंक, जे काही जुन्या अक्षरसंचात अडकलेले असेल ते आजच युनिकोडमध्ये उतरवून घ्या. त्यासाठी रूपांतर करणारी साधने विनामूल्य मिळतात. मात्र त्यांत चुका राहतात, तेव्हा मूळ कागद शेजारी ठेवून एकदा ताडून पाहणे अवश्य आहे. हे काम जाणत्या माणसांचे आहे, आणि जुन्या मजकुराचा संदर्भ ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आहेत तोवरच ते नीट होईल. तयार झालेल्या मजकुराच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या आणि एक गावच्या वाचनालयास द्यावी.

कानडा प्रांतातील त्या कुटुंबांपाशी छापखाना नव्हता, पैसाही बेताचाच असावा. त्यांनी बोरू घेतला आणि ओवीमागून ओवी उतरून काढली. त्यांना स्टीफन्स यांचे खिळे मिळाले नाहीत, तरी स्टीफन्स यांचा शब्द त्यांनी आपल्यापर्यंत पोचविला. आपल्या हाती आज खिळेही आहेत आणि कागदाहून स्वस्त साधनही आहे. पुढच्या पिढीने आपले लिखाण मागितले, तर ते द्यावयास आपल्यापाशी असले पाहिजे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याची पाळी तिच्यावर येऊ नये.